बोल्टाखालची जागा

मास्तरांच्या बायकोचा एक नेम होता. रोज, दिवसातून एकदा तरी, कुणाबद्दलचं वाईट जिभेवर आलं की ते गिळून टाकायचं. तसा हलकाच नेम. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला गिळायची सवय असतेच. पण जावई घरी यायचा त्या दिवशी महिन्याभराचा नेम जेवणाआधीच फिटायचा, आणि वर थोडा उरायचा.

आजही तो आला तो मोटर खांद्यावर मिरवतच. मागून धाकटी लेक. तिच्या हातात त्याची पिशवी, त्याची टोपी, त्याचा रुमाल. खांद्यावरचं सोडलं तर बाकी सगळं ओझं तिच्याकडेच होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला लागून लांब लाकडी बाक, त्यावर तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा डबा, काट्याचं मीटर, आणि सगळ्याला एक जुना चिकट वास. बाकाच्या टोकाला खुर्चीत मास्तर. जळालेल्या मोटरीत नवी तार भरण्याच्या धंद्यात मास्तरांचं नाव मोठं होतं. आता नावच तेवढं मोठं राहिलं होतं. एका डोळ्याला उजेड-अंधार एवढाच फरक कळायचा, दुसऱ्याला मीटरचा एक काटा दोन दिसायचा. हात कापायचा तो वेगळाच. पण लोक अजून मोटर घेऊन यायचे ते मास्तरांकडे, आणि मास्तर तिच्यावर खडूने ‘चांगली’ किंवा ‘भंगार’ लिहून देत ते गावभर चालायचं.

खडू मास्तरांचा होता. पारख बायकोची. गेली पंचवीस वर्षं कॉइल तीच भरत होती आणि गेली सहा वर्षं मीटरही तीच वाचत होती. गिऱ्हाईक समोर असलं की ती हाताखालच्या माणसासारखी बाकाशी खटपट करत उभी राहायची आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने बाकावर हळूच ठोका द्यायची. एक ठोका म्हणजे ठीक. दोन म्हणजे नाही. मग मास्तर घसा साफ करायचे आणि स्वतःला आत्ताच सुचल्यासारखं सांगायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, काय कान आहे मास्तरांचा! कान होता खरा. ठोके ऐकायला लागतोच.

जावयाने मोटर बाकावर ठेवली आणि ती सगळ्यांना नीट दिसावी म्हणून दोन पावलं मागे सरकला. मोटर निळी होती. आकाशाने लाजावं अशी निळी. एक जुनं शीतगृह पाडत होते तिथल्या ढिगातून त्याने ती उचलली होती, आणि घरी नेऊन आधी काही केलं असेल तर रंग दिला होता. पोटाला रंग, पायांना रंग, पंख्याच्या जाळीला रंग. मोटर किती ताकदीची, किती करंट घेणार, हे सगळं ज्या पत्र्याच्या पाटीवर कोरलेलं असतं त्या पाटीलाही रंग. मास्तरीण त्या पाटीकडे बघत राहिली. वाचता येत नाही म्हणून कुणी पुस्तक चुन्यात बुडवत नाही. हे गिळताना आजचा नेम झाला.

“पूर्ण खोलून साफ केलीय, मास्तर,” जावई म्हणाला. “माझ्या हाताने.”

मग त्याने येण्याचं कारण सांगितलं, आणि ते सांगताना बायकोकडे एकदाही पाहिलं नाही, जणू ती गाऱ्हाण्यातली वस्तू होती, माणूस नव्हे. धाकटीचं आणि त्याचं धुलाईचं दुकान होतं. म्हणजे दुकान त्याचं आणि धुलाई तिची. कपडे पिळायच्या यंत्राची मोटर जळाली, म्हणून त्याने ही बसवली. झकास चालते. पण हिला म्हणे हात लावला की झिणझिण्या येतात. त्याने चप्पल घालून काम कर म्हणून सांगितलं. पायाखाली फळी टाकून दिली. तरी हिचं चालूच. बरं, येतात तर रोज याव्यात. चार दिवस येतात आणि दोन दिवस येत नाहीत. विजेला काय सुट्टी असते? मनात आलं की येतात. उद्यापासून एका मोठ्या लॉजच्या चादरी सुरू होणार, दिवसाला शंभर, आणि ही यंत्राला हात लावायला तयार नाही. तेव्हा मास्तरांनी मोटर तपासावी, खडूने ‘चांगली’ लिहून द्यावं, आणि घरातली कटकट एकदाची मिटवावी.

“तुम्ही लिहिलंत की ही गप्प बसेल,” तो म्हणाला. “बापाचं तरी ऐकेल.”

मास्तर हसले. जावयाच्या समोर त्यांना एक ठेवणीतलं हसू यायचं, मऊ, ओलं, विकत घेतल्यासारखं. जावई म्हणजे दहावा ग्रह, तो शांत असलेला बरा, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि ग्रहशांतीसाठी लागेल ते द्यायची त्यांची तयारी असे. आजवर मान दिला होता, दुचाकी दिली होती, मुलगी तर केव्हाच दिली होती.

मास्तरीण पाणी आणायला म्हणून आत गेली आणि मागून धाकटीही आली. चुलीच्या खोलीत दोघी उभ्या राहिल्या. आईने लेकीचा उजवा हात उचलून उलटा केला. पाण्याने बोटांची टोकं पांढरी सुरकुतलेली होती. अशी बोटं दिवसभर, आणि खाली ओली फरशी.

कुठे येतं, असं तिने विचारलं. मोटरला हात लावल्यावर?

मोटरला नाही, धाकटी म्हणाली. मोटरवर तर तिने मुद्दाम पालथा हात ठेवून बघितला होता, तिथे काहीच नाही. यंत्राच्या कडेला हात लागला की येतं, जिथे पिंप टेकतं त्या लोखंडी चौकटीला. परवा चप्पल निसटली तेव्हा खांद्यापर्यंत झटका गेला आणि ती कपड्यांच्या ढिगावर पडली. यांना सांगितलं तर म्हणाले, चप्पल नीट घालता येत नाही का.

“आणि येत नाही त्या दिवशी काय वेगळं असतं?”

धाकटीने आठवून पाहिलं. काहीच नाही. हे इस्त्री लावायला प्लग काढतात आणि परत घालतात, तेवढंच. प्लग दोन पायांचा. मुळात तीन पायांचा होता, पण भिंतीतल्या बोर्डाला भोकं दोनच, म्हणून यांनी तिसरा पाय करवतीने कापून टाकला.

मास्तरिणीने तांब्या भरून घेतला. तीन पायांचा प्लग एकाच बाजूने बसतो. दोन पायांचा उलटाही बसतो, सुलटाही. एका बाजूने बसला की गरम, म्हणजे करंटची, वायर इकडून, दुसऱ्या बाजूने बसला की तिकडून. विजेला सुट्टी नव्हती. सुट्टी हा माणूसच देत होता, इस्त्रीच्या वेळी, न कळता. आणि ज्या तिसऱ्या पायाने जीव वाचतो तो त्याने अडचण म्हणून कापून काढला होता. नेम कधीच पुरा झाला होता. हे गिळलं ते धर्मादाय.

बाहेर येऊन ती बाकाशी उभी राहिली. मास्तरांनी तपासणी सुरू केली, म्हणजे मोटरवर तळहात ठेवून डोळे मिटले.

तिने मोटरचा दांडा, शाफ्ट, बोटांनी फिरवला. खरं सांगायचं तर तिला मोटर वाईट निघायला हवी होती. ढिगातली, सडलेली, बेअरिंगमध्ये वाळू भरलेली. म्हणजे एका ठोक्यात विषय संपला असता, दोन ठोक्यांत म्हणा. पण शाफ्ट लोण्यासारखा फिरला. कुठे अडला नाही, खरखरला नाही, सोडल्यावर आपल्या मनाने सावकाश थांबला. वरखाली हलवला तर तसूभर खेळ नाही. तिने नाइलाजाने एक ठोका दिला. मास्तर म्हणाले, बेअरिंग चांगलं आहे. जावयाने बायकोकडे पाहिलं, पहिल्यांदाच.

तिने जाळीला नाक लावलं. जळक्या वॉर्निशचा वास एकदा ओळखला की माणूस विसरत नाही. इथे तो नव्हता. जुनी धूळ आणि नवा रंग, एवढंच. एक ठोका.

झाकणाच्या भोकातून तीन वायरी बाहेर आल्या होत्या. जावयाने त्या चिकटपट्टीने कंडेन्सरला गुंडाळल्या होत्या, जखमेवर चिंधी गुंडाळावी तशा. तिने त्या सोडवल्या. कंडेन्सरला मीटर लावायच्या आधी पेचकसाचं पातं त्याच्या दोन्ही टोकांवर आडवं टेकवलं. चट् असा आवाज झाला आणि ठिणगी उडाली. आत साठलेली वीज अशी आधी काढून टाकायची असते. जावई दचकला, मग हसला, म्हणाला, सासूबाई फटाके उडवतायत. ज्याने ‘माझ्या हाताने’ सगळं केलं त्याच्या बोटात ही ठिणगी आजवर कशी गेली नव्हती, याचं तिला नवल वाटलं. काही माणसांच्या पाठीशी देव इतका उभा असतो की ती माणसं स्वतः उभी राहायला शिकतच नाहीत.

कंडेन्सरचा काटा उडाला आणि हळूहळू परत आला. चांगला. मग तीन वायरी दोन-दोन करून मोजल्या. पहिल्या जोडीत चार ओहम, दुसरीत अकरा, तिसरीत पंधरा. चार आणि अकरा पंधरा. आतली तारेची दोन्ही वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, शाबूत, हिशोब चोख. ज्या कुणी ती भरली होती त्याचा हात स्वच्छ होता. अशी मोटर अशा माणसाच्या हाती लागावी म्हणजे वाया गेलेलं कन्यादानच. एक ठोका.

आता जावयाला राहवेना. बॉडीला करंट येतो की नाही हे त्याला स्वतः दाखवायचं होतं. त्याने भिंतीवरचा तपासणीचा बल्ब घेतला. त्याच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या. बल्ब भक्कन पेटला. म्हणजे बल्ब चालू आहे, बघून घ्या, असं त्याने वर्गाला शिकवावं तसं सांगितलं. मग एक तार वाइंडिंगच्या वायरीला लावली आणि दुसरी मोटरच्या निळ्या पोटाला टेकवली. बल्ब पेटला नाही. पाठीला टेकवली. नाही. पाटीला टेकवली. नाही.

“आतली वायर कुठे बॉडीला लागली असती तर पेटला असता,” तो म्हणाला. “संपलं.” आणि धाकटीला म्हणाला, “आता काय म्हणणं आहे तुझं?”

धाकटी दारात उभी होती. तिने फक्त आईकडे पाहिलं.

मास्तरिणीने बाकावर दोन ठोके दिले.

मास्तरांनी ते ऐकले. पस्तीस वर्षांत तिला नवऱ्याचा चेहरा मीटरपेक्षा नीट वाचता यायला लागला होता, आणि ते ठोके त्याच्या कानात गेले, तिथून पोटात गेले, आणि पोटातल्या भित्र्या जागी जाऊन विरले, हे तिला दिसलं. त्यांनी घसा साफ केला. चाचपडत खडू उचलला.

“बल्ब पेटत नाही म्हणजे ठीकच आहे,” ते म्हणाले. “बायकांना जरा भीती वाटते.”

तिने परत दोन ठोके दिले. मोठ्याने. मास्तरांनी निळ्या पोटावर ‘चां’ लिहिलं.

तोवर तिला जावयाचाच तिटकारा होता. तो तिटकारा जुना होता, अंगवळणी पडला होता. हा नवा होता, आणि तो नवऱ्याचा होता. उद्या शंभर चादरी. ओली फरशी. निसटणारी चप्पल. आणि मोटरवर बापाच्या हातचं ‘चांगली’.

“थांबा,” ती म्हणाली.

गिऱ्हाइकासमोर दुकानात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. जावयाला तर तिला असा आवाज आहे हेच माहीत नसावं. आवाज चढलेला नव्हता. पोथी वाचावी तसा सावकाश, खालच्या पट्टीतला होता.

ती म्हणाली, “जावईबापू, तुमच्यावर माझा विश्वास आहे. एवढंच करा. मी हिला वायर लावून चालू करते. आणि ती कोपऱ्यातली मोकळी लोखंडी चौकट आहे ना, ती मोटरच्या पायाशी टेकवून ठेवते, तुमच्या यंत्रासारखी. तुम्ही हात ओले करा, ओल्या फरशीवर उभे राहा, आणि चौकटीला हात लावा. हिची भीती जाईल.”

त्यात काय, असं तो म्हणाला. आणि म्हणतानाच त्याचा उजवा पाय उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या चपलांकडे सरकला.

खोलीतल्या दोघींनीही तो पाय पाहिला. मास्तरांना दिसला नसेल. पण चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज त्यांनाही आला.

“चप्पल कशाला?” ती म्हणाली.

तो म्हणाला, सवय असते. ती म्हणाली, हो, असेल. तो म्हणाला, आणि उगाच ओलं वगैरे कशाला, आपण काय गाढव आहोत? ती मोटरकडे वळली. उत्तर समोर असताना प्रश्नाला तोंड लावू नये. एक पाय चपलेत आणि एक पाय बाहेर असा तो उभा होता, आणि धाकटी त्याच्या त्या चपलेतल्या पायाकडे बघत होती. म्हणजे यांना माहीत होतं. पुरतं नसेल, पण पायांना तरी माहीत होतं. परवा ती ढिगावर पडली तेव्हाही माहीत होतं.

मास्तरिणीने त्याच्या हातातल्या बल्बाच्या तारा घेतल्या, अगदी मऊपणे, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तशा. एक तार वाइंडिंगच्या वायरीला लावली. मग मोटर आडवी करून तिचा पाय वर केला. पायाला बोल्टाचं भोक होतं. यंत्राच्या चौकटीला मोटर आवळताना बोल्टाने तिथला रंग खरवडून काढला होता. भोकाभोवती अंगठीएवढं उघडं लोखंड चकाकत होतं. सगळ्या निळ्या अंगावर तेवढीच एक खरी जागा. दुसरी तार तिने तिथे टेकवली.

बल्ब पेटला. मिणमिणता नाही, पुरता. मास्तरांनाही उजेड कळला. त्यांनी मान वळवली.

तिने तार उचलली आणि बोटभर अंतरावर, निळ्या रंगावर टेकवली. बल्ब विझला. परत अंगठीवर. पेटला. परत रंगावर. विझला. एवढं तीनदा केलं. समजावून सांगितलं नाही. रंगातून वीज जात नाही हे ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून उपयोग नसतो, आणि इतरांना सांगायची गरज नव्हती.

मग झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उचललं तर तीन वायरींपैकी लाल वायर कोपऱ्यात स्क्रूच्या खाली चेपली गेली होती. वरचं रबर फाटलेलं, तांबं थेट लोखंडावर. जुन्या मालकाने चेपली असती तर चिरडलेल्या जागी गंज, धूळ काहीतरी असतं. इथे तांब्यावर रंग होता. निळा. ओला रंग बोटाला लागलेला असताना, घाईने, झाकण बसवलेलं.

“शीतगृहात ही पंचवीस वर्षं चालली असेल,” मास्तरीण मोटरच्या पोटावर हात फिरवत म्हणाली. “कुणाला काही झालं नाही.”

जावई म्हणाला, हे काय, एवढंसं तर आहे, दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांचंच होतं. तिने फाटकी जागा कापली, नवा जोड दिला, त्यावर नळी चढवली, वायर कोपऱ्यातून बाजूला घेऊन झाकण लावलं. अंगठीवर तार टेकवली. बल्ब अंधारा राहिला. मग कपाटातून तीन पायांचा नवा प्लग काढला, हिरवी वायर मोटरच्या पायाशी उघड्या लोखंडाला आवळली, आणि भिंतीत तीन भोकांचा बोर्ड बसवून जमिनीत अर्थिंगची सळई पुरेपर्यंत यंत्र चालू करायचं नाही, असं तिने सांगितलं. उद्याच्या चादरी? उद्याच्या चादरी हाताने पिळाव्यात, ज्याला घाई असेल त्याने. दोन्ही हात मोकळे असलेला एक माणूस त्या घरात होता.

मास्तर खडू धरून बसलेच होते. “काय लिहू गं?” त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या देखत. पहिल्यांदाच.

“मोटर चांगली आहे,” ती म्हणाली. “मोटरचं तेवढं लिहा.”

त्यांनी ‘चां’च्या पुढे ‘गली’ लिहिलं. अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी आली. तिने ती पुसली नाहीत आणि सुधारलीही नाहीत. त्यांना चहा हवा का, तेही तिने विचारलं नाही. त्या संध्याकाळी मास्तरांनी चहा स्वतः केला आणि साखरेच्या जागी जे काही टाकलं ते मुकाट्याने प्यायले.

निघताना धाकटीने पिशवी, टोपी आणि रुमाल जावयाच्या हातात दिले. मोटर त्याच्या खांद्यावर होतीच. काही म्हणायला एखादा हात तरी मोकळा लागतो त्याला.

पाच दिवसांनी बोर्ड बसला, सळई पुरली. मास्तरीण बघायला गेली ती सकाळी, दुकान उघडायच्या वेळी. धाकटी दारातच उभी होती, चप्पल पायात, हाताची घडी. आत यंत्राशी जावई उभा होता. अनवाणी. फरशीवर धाकटीने नुकतंच पाणी टाकलेलं दिसत होतं. त्याने बादलीत हात बुडवला, बटण दाबलं, मोटर घुमायला लागली, आणि त्याने डोळे बारीक करून तळहात तिच्या निळ्या पोटावर ठेवला.

“रंगाला नाही,” धाकटी म्हणाली. “बोल्टाला.”

त्याने हात खाली नेला आणि बोल्टावर ठेवला. धाकटीने मनात दहा मोजले असावेत. मग चप्पल काढून बाजूला सरकवली, पदर खोचला आणि चादरींच्या ढिगाकडे वळली. तिने मागे वळून पाहिलं नाही, तरी तिला माहीत होतं, उद्याही तो आधी हात लावणार होता.